खिडकीबाहेरचा मास्तर

"तू बाहीर उभा राह्य. खिडकीजवळ. आतमंदी पाटील बसतीन."

हेडमास्तरांनी हे भर वर्गासमोर सांगितलं. मी त्याच शाळेत मास्तर होतो. मास्तरकी शिकवणाऱ्या नॉर्मल स्कूलचं सर्टिफिकेट होतं माझ्याकडे. पण घर महारवाड्यात. म्हणून मी ओसरीवर फक्त आमच्या पोरांना शिकवायचं.

त्या दिवशी पिंपळगाव राजाच्या शाळेत पहिल्यांदा रेडिओवरून धडा होणार होता. शिकवणारे नागपुरात, पोरं इथं. आधी कागद आला होता. फळ्यावर नद्यांचा नकाशा काढा, नावं घालू नका, प्रश्न ऐकून उत्तर द्यायची सवय लावा. हेडमास्तरांनी तो कागद माझ्यापुढे टाकला.

"तू रेडिओ हो. बाहीरून बोल. पोरायले सवय लागीन."

मला तेव्हाच संशय आला. रेडिओ वर्गात ठेवायचा, मग सराव बाहेरून काऊन? पण शिकवायला मिळतंय म्हणून गप्प बसलो. चूक माझीच. आठ दिवस खिडकीबाहेर उभं राहून प्रश्न विचारले. मनात दहा मोजायचे, उत्तराची वाट पाहायची. वर्ग रिकामा झाला की आत जाऊन नकाशा काढायचा. रिकाम्या वर्गाला माझा विटाळ नव्हता.

मग खरा रेडिओ आला. तो आत टेबलावर बसला, मी बाहेरच राहिलो.

वर कामही दिलं. रेडिओची एक तार जमिनीत पुरली होती. तिथली माती ओली ठेवली तर आवाज साफ येतो. पण शाळेच्या रांजणाला हात लावायचा नाही. चपराशी वरून माझ्या डब्यात पाणी ओतणार, मी ते मातीत ओतणार. त्या पाण्यावर आलेला आवाज मात्र सगळ्यांना चालत होता.

धडा सुरू झाला. नागपूरचे गुरुजी म्हणाले, "आता तुमचे गुरुजी पूर्णेच्या उगमावर बोट ठेवतील."

हेडमास्तरांनी बोट ठेवलं. जिथं पूर्णा तापीला मिळते, तिथं.

पहिल्या रांगेतली पाटलांची नात उठली. "तेथी नाही जी. खिडकीतल्या मास्तरले इचारा, त्यायले येते."

हेडमास्तर लाल होऊन खिडकीशी आले. "सांग बे लवकर. तेथूनच सांग."

मला संताप आला होता. भीतीही होती. घरची चूल या नोकरीवर होती. मी डबा खाली ठेवला.

"नागपूरचे गुरुजी दूर हायेत, म्हून दुरून शिकवतेत. मी दूर नाही. मी दारातून येतो."

आणि आत गेलो. पाटील धोतर सावरत उठले, नातीला हाताला धरून बाहेर पडले. मी सातपुड्यात बोट ठेवलं. "हा उगम." रेडिओ तोवर पुढच्या नदीला लागला होता. तारेची माती सुकली असावी, खरखर वाढली होती. पोरं मात्र माझ्या बोटाकडे पाहत होती.

संध्याकाळी हेडमास्तरांनी विटाळ झाला म्हणून वर्ग धुऊन घेतला. फळासुद्धा. पंधरवड्यात माझी बदली जळगाव जामोदला झाली.

तिथंही रेडिओ आला. तिथले हेडमास्तर गोड बोलले, "मास्तर, सराव तुमीच घ्या. तुमच्यासारखं कोनाले जमत नाही."

मी विचारलं, "कोठी उभं राहून?"

ते खिडकीकडे पाहू लागले. या वेळी मी दहा मोजले नाहीत. खडू उचलला आणि दारातून आत गेलो.