विटा झेलणारा

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते खालून. बांधकामावर ती नवीनच होती. खालून वर विटा फेकायचं काम तिच्या वाट्याला आलं होतं, आणि तो वर परांचीवर वाकून उभा होता. शेजारच्या गवंड्याशी गप्पा हाणत, खाली न बघता, दोन-दोन विटा तो फुलासारख्या अलगद झेलत होता. सगळे त्याला झेल्याच म्हणत. वर्षभरात लग्न झालं आणि जोडी जमली. ती फेकणार, तो झेलणार. मुकादमही बोलवायचा ते दोघांना मिळूनच.

मुलं मोठी झाली त्या सुमारास त्याचा झेल बदलला. आधी लक्षात आलं ते तिच्याच. तो आता वीट बोटांत न पकडता छातीशी कवटाळायचा. घरी ओला टॉवेल त्याला पिळवेना. झोपेत कूस बदलली की कण्हायचा. डॉक्टरांनी बजावलं, खांद्याचा स्नायू फाटलाय, मनगटं झिजलीत, हात अजिबात वर करायचे नाहीत.

"म्हणजे काम बंद आणि शरण जायचीही सोय नाही," तो बायकोला म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी परांचीवर चढला.

ती मग एकेकच वीट, तीही बेताने, त्याच्या पोटाच्या उंचीला सोडू लागली.

"वहिनी, वीट आहे ती, अंडं नव्हे," गवंडी वरून म्हणाला. बाकीचे हसले. झेल्याही हसला.

जेवताना तिने विषय काढला. "अहो, मुकादमाला सांगून टाका ना एकदाचं."

"सांगितलं तर तुझंही काम जाईल. झेल चुकेल तेव्हा बघू."

"चुकेल तेव्हा खाली मी असेन."

तो ताटावरून उठला.

त्याच आठवड्यात वीट निसटली. तिचा कान सोलत खाली आली आणि वाळूत रुतली. तिने पदराने रक्त टिपलं, दुसरी वीट उचलली आणि वर पाहिलं. तो फळीवर मटकन बसला होता.

"नको फेकूस," एवढंच म्हणाला.

मुकादमाला त्याने स्वतःच सांगितलं. तिचं काम टिकलं. वर दुसरा माणूस आला, तोही बरा झेलतो.

झेल्या हल्ली एका गोदामाच्या फाटकावर असतो. ट्रक आला की उठतो, फाटकाला पाठ टेकवतो आणि पायांनी रेटत ते उघडतो.