पोपटाखाली चिकटवलेला ठेका

अंगणवाडीच्या बाईंनी माझ्या नातीला फसवलं. नात चार वर्षांची आहे, म्हणून ही फसवणूक लहान होत नाही.

भोरला एसटी स्टँडजवळ माझं ढोल मढवायचं दुकान आहे. रस्त्याकडेला पोतं टाकून सुरुवात केली, आज स्वतःचा गाळा आहे. सौद्यात मला कुणी गुंडाळलेलं नाही. लेक वेल्ह्याकडच्या एका गावात दिली आहे. तिथल्या अंगणवाडीच्या बाई एकदा दुकानात आल्या. म्हणाल्या, "पोरं गाण्याला बसत्यात, चित्राला बसत न्हाईत. तुमी येऊन वाजवा की. काय घ्याल?"

"काही नको. एकच अट. पोरांच्या कागदाला मोठ्या माणसानं हात लावायचा न्हाई."

"व्हय, कबूल."

मग दर शनिवारी नसरापूरवरून मोटारसायकलनं जाऊ लागलो. ताटलीत गेरू कालवायचा, जमिनीवर कागद पसरायचे. ढोलावर हाताची जाड थाप पडली की पोरांनी अख्खा पंजा उमटवायचा, काडीचा बारीक ठोका आला की नुसतं बोटाचं टोक. पहिल्या दिवशी निम्मा गेरू झबल्यांवर गेला. एक आई म्हणाली, "आजोबा, ढोलासंगं साबण बी आणत जा."

नात तशी घुमी. तिनं कोपऱ्यात एकच पंजा मारला आणि पुढं ओळीनं ठिपके दिले. मी तो कागद समोर धरून जसाच्या तसा वाजवला. ती उठून आली, पंजावर बोट ठेवून म्हणाली, "हितनं परत." परत वाजवला. त्या दिवशी तिनं मला जेवायला उठू दिलं नाही.

गेल्या महिन्यात वरच्या मॅडम पाहणीला आल्या. मी कोपऱ्यात ढोलाच्या दोऱ्या आवळत होतो. भिंतीवर नातीचा तो पंजाचा कागद लावलेला असायचा, त्या जागी हिरवा पोपट होता, लाल चोचीचा, खाली नातीचं नाव. मॅडमनी विचारलं, "हा तू काढलास?" बाईंनी मागून तिच्या खांद्याला बोट लावलं. नात माझ्याकडं बघत म्हणाली, "व्हय." मॅडमनी शाबासकी दिली.

तेव्हा मी गप्प बसलो. तेच टोचतंय. मॅडमची गाडी गेल्यावर मात्र बाईंना गाठलं.

"त्यांना काय डाग दाखवू, आजोबा? शेरा माझ्यावर येतो."

"मला सांगायचं, वाजवून दाखवला असता."

"तिचा कागद खालीच हाय. वरनं चिकटवलाय फक्त."

सोडवायला गेलो तर दोन्ही फाटले.

आता शनिवारी थाप पडते, बाकीच्या पोरांचे पंजे पडतात आणि नात हात मागं धरून बसते. म्हणते, "बाई काढत्याल." परवा कातडं ताणता ताणता मधेच उठलो, गाडी काढली, नसरापूरपर्यंत जाऊन परत आलो. आल्यावर गिऱ्हाईकाशी उगाच भांडलो. रागात केलेली बोलणी फुकट जातात, हे धंद्यात शिकलोय, म्हणून लिहितोय.

बाई, तुम्हाला शेऱ्याची भीती होती, मान्य. पण ते "व्हय" तुम्ही तिच्या तोंडून काढून घेतलंत. येत्या शनिवारी तिच्यासमोर जमिनीवर बसा आणि सगळ्या पोरांदेखत सांगा, पोपट कुणी काढला आणि तिचा कागद का झाकला. तुम्ही बोलेपर्यंत मी ढोलाला हात लावणार नाही.