अंतकाळासाठी मुदतवाढीचा अर्ज

जगाचा अंत जुईनगरापासून सुरू होणार, हे निश्चित ठाऊक असलेले एकमेव गृहस्थ माझ्या वरच्या मजल्यावर राहत. नगर जिल्ह्यातून आलेले हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर बायबलातले प्रकटीकरणाचे पुस्तक उघडून खिडकीत बसत आणि बाहेर जे दिसेल त्याच्यावर त्यातले एकेक वचन डकवीत. समुद्रातून वर येणारे श्वापद म्हणजे न्हावा शेव्याचे बंदर, आणि दहा शिंगे म्हणजे तिथल्या क्रेन. पुढे अकरावी क्रेन उभी राहिली. मी ती निदर्शनास आणून देताच ते शांतपणे म्हणाले, "एक कायम दुरुस्तीत असते, वकीलसाहेब. ती धरायची नाही."

उभी हयात दिवाणी वकिलीत घालवलेल्या मला मजकुराची ही विटंबना असह्य होई. मी लेखी हरकती पाठवी. ते त्या कागदांच्याच समासात अध्याय आणि वचन टाकून त्या परत धाडीत. एकदा सोसायटीच्या नळाला कडू पाणी आले. मी पाणीखात्याकडे खरमरीत तक्रार केली. सहअर्जदार म्हणून सही करताना मास्तरांनी खाली जोडले, 'प्रकटीकरणाप्रमाणे तिसरा कर्णा वाजल्यावर पाणी कडू होणारच.' खात्याने तक्रार निकाली काढली. कारण दिले की, हे अटळ असल्याचे अर्जदारांनाच मान्य आहे. मूर्खपणाला शिक्षेची तरतूद नाही, ही आपल्या दंडसंहितेतली मोठी उणीव होय.

परंतु कळस झाला तो त्यांच्या एकुलत्या मुलीच्या लग्नात. मुलगा बंदरात क्रेन चालवणारा, म्हणजे साक्षात शिंगावर बसून पगार घेणारा. त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चच्या उपासनेत लग्नाची सूचना वाचतात आणि कोणाची हरकत आहे काय, असे विचारतात. पहिल्याच रविवारी वधूपिता स्वतः हरकत घेऊन उभे राहिले. पाळकांनी पुढची सूचना थांबवली. मुलगी माझ्याकडे आली. "काका, पप्पा माझं ऐकत नाहीत. तुम्ही भांडा त्यांच्याशी. तुम्हाला सवय आहे."

मी वर गेलो. "आधीचे लग्न, वय, जवळचे नाते, ही हरकतीची कारणे. जगाचा अंत हे कारण नव्हे."

ते पुस्तकाच्या कडा सारख्या करू लागले. मग म्हणाले, "त्या दिवसांत पोटुशी बाईचे फार हाल लिहिलेत हो. सगळे डोंगराकडं पळतील. माझी पोर कशी पळंल?"

मी कायद्याचा मुद्दा काढला. "तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, हेही तुमच्याच ग्रंथात आहे, तुम्हीच मला ऐकवले होते. तारीखच नाही, तर मनाई हुकूम कशावर मागता?"

पुढच्या रविवारी सूचना वाचली गेली तेव्हा ते बसून राहिले.

वर्षभराने एका सकाळी ते दारात आले. हातात पुस्तक नव्हते. "वकीलसाहेब, मुदतवाढीचा अर्ज कसा लिहितात?"

"कोणाकडे करायचा आहे?"

त्यांनी छताकडे पाहिले. वर त्यांचेच घर होते, पण रोख त्याहून वरचा होता. "पोरीला दिवस गेलेत. लेकरू शाळेत जाईपर्यंत मिळाली तरी पुष्कळ."

विरुद्ध पक्षाला मी आयुष्यात मुदत मिळू दिली नाही. तो मसुदा मात्र मीच केला, आणि 'शाळेत जाईपर्यंत' खोडून 'लग्न होईपर्यंत' घातले. मागताना कमी मागू नये.

पुढे ते मुलीकडे उरणला राहायला गेले. वरची खिडकी बंद असते, आणि माझ्या हरकतींचे कागद आता कोरा समास घेऊन माझ्याच टेबलावर पडून राहतात. जग अद्याप चालू आहे. त्यावरून तो अर्ज मंजूर झाला असावा, असे मी धरून चालतो.