ताकदीची गोळी

अक्काच्या घरी घट बसतात, म्हणून दर नवरात्रात एकदा तरी मी इंदापूरहून कोऱ्हाळ्याला जातेच. यंदा अष्टमीला गेले. अक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. दोन शेंगा फोडायची, थांबायची, दम घ्यायची, मग पुढची शेंग. मी म्हटलं, "तुला धाप लागतीय गं." तर म्हणाली, "आठ दिस पोटात भगर आन रताळी. धाप लागंल न्हाय तर काय?" मग शेंगांचं सूप बाजूला सारून तिनं मला जवळ ओढलं आणि माझं डोकं आपल्या छातीशी धरलं. "ऐक. येतोय का आवाज?" दीड वर्षापूर्वी पुण्यात तिच्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिथून बारीक टिकटिक ऐकू यायची. तो आतल्या टाक्यांचा आवाज आहे, टाके जिरले की जाईल, असं तिला घरच्यांनी सांगितलं होतं. मी कान लावला. आवाज अगदी पुसट झाला होता... जवळजवळ नव्हताच. "कमी झालाय न्हवं? टाके जिरलं बघ एकदाचं," अक्का म्हणाली आणि खुशीत पुन्हा शेंगा फोडायला लागली. दोन दिवसांनी, दसऱ्याच्या दुपारी, ती गेली.

तिला जाऊन आता दीड महिना होत आला. इंदापूरला माझ्याकडे भेटायला येणाऱ्या बायका अजून म्हणतात, नवरात्राचे उपास करून दसऱ्याला गेली, सोनं झालं. मी ऐकून घेते आणि चहा ठेवायला आत जाते. कारण तिथं बसले तर माझ्या तोंडून काहीतरी वाईट निघेल. सोनं कसलं झालं? बेचाळीस वर्षांची धडधाकट बोलणारी, भांडणारी, हसणारी बाई होती ती.

आमचं माहेर जळोचीचं. आम्ही लहान असताना घरी मेंढरं होती, आणि आजारी मेंढीची काळजी अक्काकडे असायची. मेंढी मलूल दिसली की ही तिच्या पोटाला कान लावणार, दात बघणार, काल कुठं चरली ते वडिलांना खोदून खोदून विचारणार. कळल्याशिवाय जेवायला उठायची नाही. वडील वैतागायचे, तर म्हणायची, "मेंढीला बोलता येत न्हाय आबा, मग आपुनच इचारायला नगं व्हय?" विचारायची खोड तिला जन्माचीच. यष्टीला उशीर झाला तर कंडक्टरला, दुकानात तेलाचा रंग वेगळा दिसला तर दुकानदाराला, आणि मला मास्तरीण झाल्यावर तर विचारूच नका... मुलांना वर्गात का बसवता, झाडाखाली का नाही, इथपासून सुरुवात. मेंढरांच्या त्या लहान वयातच तिचे सांधे एकदा धरले होते. महिनाभर ताप, गुडघे सुजलेले. गावठी औषधानं बरी झाली आणि सगळे विसरून गेले. त्या तापानं हृदयाची झडप खराब करून ठेवली होती, हे मला आत्ता कळलंय. ती गेल्यावर.

चाळिशीच्या आसपास तिला विहिरीवरून घागर आणवेना. रात्री उशाला तीन उशा घेऊन बसून झोपायची. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात आम्ही सगळेच गेलो होतो. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, तिचे सासरे तात्या, मी आणि ती. दारातून एकानं डोकं काढून विचारलं, "जबाबदार माणूस कोण आहे?" तात्या आणि दाजी उठले आणि आत गेले. अक्का अर्धी उठली होती, ती पुन्हा बाकावर बसली. जिच्या छातीबद्दल बोलणं चाललं होतं ती बाहेर, आणि बोलणं दोन पुरुषांशी. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्नाची बोलणी असोत की जमिनीची, आमच्याकडे बायका अशाच बाहेर बसतात. दाजी बाहेर आले तशी अक्कानं विचारलं, "काय म्हनलं डाक्टर?" दाजी म्हणाले, "काय न्हाय. नळी साफ करायची हाय." तिनं मग कुठली नळी, कशानं घाण झाली, असं विचारलं. दाजी म्हणाले, "तू डोक्याला ताप करून घिऊ नगं."

आत काय बोलणं झालं, ते दाजींनीच मला परवा सांगितलं. झडप काढून धातूची बसवावी लागेल, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागेल, एक दिवसही चुकवायची नाही, हे सर्जननी नीट सांगितलं होतं. शेवटी म्हणाले होते, "पेशंटला फार घाबरवू नका." एवढा धागा तात्यांना पुरला. जिन्यातच त्यांनी ठरवून टाकलं. "बाईमानूस हाय. छातीत लोखंड बसीवलंय म्हनल्यावर हाय खाईल. आन उद्या पोरीची सोयरीक करायची हाय, गावाला काय कळाय नगं." दाजींनी मान हलवली. वडिलांपुढे त्यांनी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही. मग झडपेची झाली नळी, धातूच्या आवाजाचे झाले टाके, आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळीची झाली ताकदीची गोळी. महिन्याला बारामतीत रक्त तपासायला न्यायचे, तेही अंगात रक्त किती भरलं ते बघायला. खोटं बोलायला माणसं किती कष्ट घेतात! त्याच्या निम्म्या कष्टात खरं सांगून झालं असतं.

आणि ते सगळे तिला जीव लावणारे होते, हेच तर मला गिळता येत नाही. दाजींनी ऑपरेशननंतर दोन महिने तिला उंबऱ्याबाहेरचं काम करू दिलं नाही. तात्या स्वतः पेरू घेऊन यायचे. सगळं दिलं तिला, फक्त तिच्या छातीत काय आहे तेवढं दिलं नाही.

पुण्याला दाखवायला नेलं तेव्हा एकदा मी बरोबर होते. सर्जन कागद बघत बघत दाजींना विचारत होते, "गोळी चालू आहे ना? चुकत नाही ना?" दाजी म्हणत होते, "व्हय सायेब." गोळी गिळणारी बाई दोघांच्या मधे बसली होती, आणि तिला कुणी विचारत नव्हतं. तिनंच मग तोंड उघडलं. "डाक्टर, ही टिकटिक कशाची हो?" डॉक्टरांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी खाली पाहिलं. डॉक्टर हसून म्हणाले, "काळजी करू नका बाई, सगळं छान चाललंय." बाहेर आल्यावर अक्का मला म्हणाली, "मेंढी आजारी पडली तर मी तिला इचारू शकत न्हवते. मला तर बोलता येतंय, मग मला का कुनी सांगत न्हाय?" मी तिची समजूत घातली की मोठे डॉक्टर फार बोलत नाहीत. मलाही टाकेच माहीत होते.

दसऱ्याला सकाळी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, अक्काला बारामतीला आणलंय. मी मिळेल त्या गाडीनं पोचले. नाकाला ऑक्सिजन, ओठ निळे, बोलायला श्वास पुरत नव्हता. तिनं माझा हात धरला आणि भुवया उंचावल्या. विचारत होती काहीतरी. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, पुन्हा लावला आणि दाजींकडे वळले. "झडपेचा आवाज येत नाही. गुठळी धरलेली दिसते. गोळी बंद होती का?" दाजी म्हणाले, "न्हाय, न्हाय. रोज घेती ती." मी विचारलं, "कसली झडप?" डॉक्टरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हळू आवाजात दाजींना विचारलं, "पेशंटला तरी माहीत आहे का?" दाजी तिच्या पायांवरचं पांघरूण नीट करायला लागले. "मग तिनं गोळी जपायची तरी कशासाठी?" एवढं म्हणून ते सुई तयार करायला लागले. पुण्याला हलवायची गाडी दाराशी येऊन उभी राहिली होती... त्या गाडीत तिला ठेवायची वेळच आली नाही.

गोळी बंद होती. अष्टमीला तिनंच मला सांगितलं होतं. गेल्या वर्षी अंगात ताकद नव्हती म्हणून जिजींनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, तिला उपास धरू दिले नव्हते. यंदा तिनं हट्टानं धरले. शेंगा फोडता फोडता म्हणाली, "घट बसल्यापास्नं ती ताकदीची गोळी बी बंद क्येलीया. उपास म्हनायचं आन ताकद गोळीतनं घ्यायची, ही देवीची फसवनूक न्हाय व्हय? दसऱ्याला पारनं झालं की पुन्ना चालू." मी हसले. ती पण हसली. तिचं काही चुकलं नव्हतं. ताकदीची गोळी म्हणजे खाणंच की एक प्रकारचं. जे तिला सांगितलं होतं, त्याला ती अगदी प्रामाणिकपणे धरून वागली.

तेराव्यानंतर मी एकटी पुण्याला गेले. सर्जननी मला ओळखलं नाही, कागद काढल्यावर आठवलं. वाईट वाटलं म्हणाले, आणि ते खोटं नसावं. मी विचारलं, "तिला का सांगितलं नाही तुम्ही?" ते म्हणाले, "आम्ही नातेवाइकांना सगळं समजावलं होतं. त्यांच्या सह्या आहेत." मी म्हटलं, "तिला?" तर म्हणाले, "पेशंटला किती सांगायचं ते घरचे ठरवतात, मॅडम." परत कोऱ्हाळ्याला येऊन तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "आमी अडानी मानसं. डाक्टरनं सांगायला पायजे हुतं." डॉक्टर घरच्यांकडे बोट दाखवतात, घरचे डॉक्टरांकडे. मधे माझी बहीण होती, तिच्याकडे कुणीच बघितलं नाही.

महिन्याच्या कार्याला मी गेले, तेव्हा दाजींनी मला गोठ्याकडे बोलावलं. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत धातूची एक कडी होती, काळवंडलेली, अंगठीएवढी, पण जाड. "सावडाया गेलो तवा राखंत घावली. नदीत सोडवना." बोलता बोलता दाजी रडायला लागले. मला त्यांची कीव आली, आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं. मग डोळे पुसून ते म्हणाले, "जिजीला सांगू नगं, सुमन. देवीनं न्येली म्हनून ती धीर धरून हाय. तिला सोसायचं न्हाय."

मी ती कडी उचलली आणि सरळ माजघरात गेले. जिजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आजूबाजूला चार बायका होत्या. मी कडी त्यांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. झडप, टिकटिक, गोळी, उपास. तात्या दारात येऊन उभे होते, त्यांनी एकदा "आगं" म्हटलं. जिजींनी कडी तळहातावर फिरवून पाहिली. मला वाटलं, आता छाती बडवून घेतील. त्यांनी मान वर केली, ती दाजींकडे. "मी न्हाय का रं, रक्तदाबाची गोळी घेतली नऊ दिस? तिच्या म्होरंच घ्येत हुते, तीच पानी आनून द्यायची. औशीद उपासाला चालतंय. म्या सोत्ता भरीवली असती तिला." मग पदरानं कडी पुसली आणि कमरेच्या चंचीत ठेवून दिली. बायका उठून एकेक करून बाहेर गेल्या. सोनं झालं असं त्या घरात त्यानंतर कुणी म्हटलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा राहायला गेले होते. सकाळी चहाच्या वेळी दाजी जिजींना गोळी देतात. त्या ती तळहातावर घेतात आणि विचारतात, "ही कशाची?" दाजींना सांगावं लागतं, कशाची आहे, कशासाठी आहे, चुकवली तर काय होईल. घरात तात्या असतात, लेक असते, कधी कुणी पाहुणा असतो. दाजींचा आवाज जरा खाली गेला, की जिजी तोंडाजवळ नेलेली गोळी पुन्हा खाली आणतात आणि म्हणतात, "मोठ्यानं सांग. समद्यांस्नी ऐकू जाऊ दे."