मागची सायकल

आमचा क्रम ठरलेला होता. तो पुढे आणि मी मागे, साधारण दीड सायकलचं अंतर ठेवून, थोडा डावीकडे. डावीकडे अशासाठी, की त्याचा उजवा कान लहानपणी वाहून वाहून पार निकामी झाला होता आणि डावा निम्माच उरला होता. मागून येणारा ट्रक त्याला कळायचा तो अगदी अंगावर आल्यावर. त्यामुळे मागचं ऐकण्याचं काम माझं. ट्रक जवळ येतोय असं वाटलं की मी ओरडायचो, "खाली!" आणि आम्ही दोघे डांबर सोडून मुरमाच्या साईडपट्टीवर उतरायचो. त्या काळी जळगावचा हायवे दोन ट्रक एकमेकांना जेमतेम ओलांडतील एवढाच होता. डांबराची कड आणि साईडपट्टी यांत काही ठिकाणी वीतभर खोली होती. उतरायचं तर थोडं आधी ठरवून, हँडल सरळ धरून उतरावं लागे. ऐनवेळी उतरणारा पडतो. माझी हाक वेळेवर येण्यावर त्याचं सगळं अवलंबून होतं, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आम्ही दोघे मूळचे धुळ्याकडचे. जळगावला एकाच ऑफिसात होतो आणि पिंप्राळ्यात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहत होतो. त्याला साखरेचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी रोज व्यायाम करायला सांगितला, आणि एकट्याने हायवेला जायला त्याच्या बायकोने मनाई केली. म्हणून तो माझ्याकडे आला. "चल रे, तुझंही पोट सुटलंय," म्हणाला. तेव्हापासून पहाटे पिंप्राळ्याहून निघायचं, गाव ओलांडून अजिंठा चौफुलीवरून हायवेने नशिराबादपर्यंत जायचं, तिथे एक बिनसाखरेचा आणि एक साखरेचा असे दोन चहा घ्यायचे आणि परत फिरायचं. जाऊन-येऊन जवळपास चोवीस किलोमीटर.

रस्त्यावर आम्ही बोलत नसू. बोलून उपयोग नव्हता. हे त्याला आवडायचं. एकदा चहा पिताना तो म्हणाला होता, "दिवसभर लोक माझ्याशी ओरडून बोलतात, आणि ओरडताना तोंडं वाईट करतात. इथं मला एकच शब्द ऐकायचा असतो. बाकी वेळ मी तुमच्यासारखाच."

मला हृदयविकाराचा झटका आला तो डिसेंबरात, ऑफिसात, फाइल काढताना. सायकलवर आला नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर पुष्कळांनी तसा समज करून घेतला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी तीन महिने रस्त्यावरची सायकल बंद केली. मात्र पाय चालू ठेवायचे होते. त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे व्यायामाची जागेवरची सायकल होती. तिच्यावर तिथे टॉवेल वाळत घालत असत. ती आम्ही आणली आणि पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवली.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, की पाय तेच, पायडल तेच, मग फरक काय? त्यांनी नीट उत्तर दिलं. "घरात छातीत कळ आली तर तुम्ही उतरून पलंगावर बसाल. नशिराबादच्या अलीकडे आली तर तुम्हाला परत यायचंच आहे. रस्त्यावर अर्ध्यात थांबता येत नाही." मला ते पटलं. आजही पटतं.

पण फरक तेवढाच नव्हता. त्या सायकलला एक जड चाक होतं आणि त्याच्यावर कापडी पट्टा. बाजूचा स्क्रू पिळला की पट्टा आवळायचा आणि पायाला ओझं लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच आटे मी पिळत असे. हँडलवर मीटर होता. रस्त्यावर चढ लागतो, मग उतार मिळतो आणि उतारावर पाय सोडून द्यायचे असतात. इथे उतार नव्हता. पाय थांबले की सगळंच थांबायचं. वारा नव्हता, त्यामुळे थंडीतही घाम अंगावरच राहायचा आणि सीटखालच्या फरशीवर ठिपकायचा. रस्त्यावर केळीच्या बागेजवळून जाताना गार हवेची एक पट्टी लागायची, पाणी सोडलेलं असलं तर ती जास्त रुंद असायची. इथे फोडणीचा वास यायचा. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे इथे कान रिकामे होते. इतकी वर्षं सायकल चालवताना मी सतत मागचं ऐकत आलो होतो. आता मागे भिंत होती.

तो रोज सकाळी खिडकीखाली येऊन दोनदा घंटी वाजवायचा. मी हात करायचो.

पहिल्याच आठवड्यात तो वर आला, सायकलभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "घाण्याला जुंपलं तुला. डोळ्याला झापडं नाही बांधली वहिनींनी?"

माझी बायको म्हणाली, "भाऊजी, हसू नका. यांचं झालं की तुम्ही बसत जा. चहा इथेच देईन, बिनसाखरेचा."

तो बसला. गंमत म्हणून बसला, पण बराच वेळ पाय मारले. मी त्याचा चेहरा पाहत होतो. त्याची नजर मीटरवर नव्हती, पुढच्या भिंतीवरही नव्हती. तो सवयीने दर थोड्या वेळाने मान किंचित डावीकडे वळवत होता, हाक ऐकायला वळवायचा तशी. मग उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"यावर बहिराही चालतो आणि आंधळाही चालतो," तो म्हणाला. "मग मी कशाला?"

त्यानंतर तो त्या सायकलवर बसला नाही. पण त्याने मला शब्द दिला, की मी बरा होईपर्यंत तो हायवेला जाणार नाही, पिंप्राळ्यातल्या कॉलन्यांमधूनच फिरेल. त्याच्या बायकोलाही त्याने हेच सांगितलं होतं. माझ्यापुरतं बोलायचं तर मी दोन गोष्टींसाठी पाय मारत होतो. एक माझ्या छातीसाठी, आणि दुसरी त्याच्या मागे पुन्हा जाता यावं म्हणून. ही दुसरी गोष्ट मी कुणाला बोललो नाही. तोही बोलला नाही, पण रोज खालून विचारायचा, "किती राहिलं?"

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी तो चहाला वर आला तेव्हा दाराशी काढलेल्या त्याच्या बुटांना मुरूम लागलेला दिसला. आमच्या कॉलनीत काळी माती आहे. तांबूस मुरूम साईडपट्टीवर टाकलेला असतो.

"नशिराबादला गेला होतास," मी म्हणालो.

त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. मी पुन्हा, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन म्हणालो.

"ऐकलं रे. खाली ये, तुला एक दाखवतो."

जिना उतरायची मला परवानगी होती. खाली त्याच्या हँडलच्या उजव्या बाजूला स्कूटरचा गोल आरसा बसवलेला होता, नवा, चकचकीत. "हा तुझा बदली," तो म्हणाला. "रजा घेत नाही, आजारी पडत नाही. फक्त ओरडत नाही."

मी सीटवर हात टेकून आरशात पाहिलं. मागची गल्ली, पाण्याची टाकी, माझं अर्धं डोकं. सगळं स्पष्ट दिसत होतं.

मी म्हणालो, "जाताना ठीक आहे. येताना काय करतोस? जळगावकडे तोंड केलंस की सूर्य पाठीमागे येतो. या दिवसांत तो चहाच्या वेळेला उगवतो. आरशात उजेडाशिवाय काय दिसणार?"

त्याने बोटाने आरसा जरा खाली केला. मग हसला. "तू हिशेबाचा माणूस. सूर्य वर यायच्या आत मी चौफुलीला पोचतो."

"चहा घेतोस तिथे?"

"घेतो."

"मग नाही पोचत."

"बरं बाबा, चहा इथं घेईन. वहिनींच्या हातचा."

मी त्याच्या बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याची सायकल बंद केली असती, त्याची साखर वाढली असती, हेही खरं आहे. त्याऐवजी मी डॉक्टरांकडे गेलो आणि विचारलं, की सावकाश, ओझं न घेता, मित्राच्या मागे मागे गेलो तर चालेल का? त्यांनी छातीचा आलेख पुन्हा काढला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, अजून नाही. आणखी तीन आठवडे. मग बघू.

मी त्याला खिडकीतून तीन बोटं दाखवली. त्याने खालून हात जोडले, देवाला जोडतात तसे, आणि गेला.

जागेवरच्या सायकलवर बसून मी आता एक वेगळाच उद्योग करू लागलो होतो. तो घरून निघायचा त्याच वेळी मी पायडल मारायला लागायचो आणि मीटरवरून तो कुठे असेल ते ठरवायचो. आता गाव ओलांडलं. आता चौफुली. माझा वेग कमी होता म्हणून मी त्यात दीडपट धरायचो. मग थांबून विश्रांती, ती त्याच्या चहाची वेळ, कारण चहा त्याने सोडला नसणार हे मला माहीत होतं. मग पुन्हा थोडं चालवायचो आणि घंटी वाजायची. हिशेब बहुतेक जुळायचा.

त्या दिवशी हिशेबाने घंटी वाजायला हवी होती तेव्हा वाजली नाही. मी पाय मारत राहिलो. पंक्चर झालं असेल असं धरलं तर आणखी थोडा वेळ मिळत होता. तो धरला. डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा संपली तेव्हा उतरलो, पलंगावर बसलो आणि खिडकीकडे पाहत राहिलो. ऊन समोरच्या भिंतीवरून खाली आलं होतं. बायकोने विचारलं, "भाऊजी आले नाहीत?" मी म्हणालो, "येतील."

ऑफिसातला एक शिपाई आला, आपली सायकल हातात धरून, चालत. सायकलवर बसून यायचं त्याला सुचलं नसावं.

केळीचा ट्रक होता. परतीच्या रस्त्यावर, चौफुली यायच्या थोडं आधी. ड्रायव्हरने सांगितलं की त्याने हॉर्न दिला होता. दिला असेल. पुढून बस येत होती, ट्रकला बाजूला सरकायला जागा नव्हती. सायकलवाला शेवटपर्यंत डांबरावरच होता.

त्याला धुळ्याला नेलं. मला त्या दिवशी प्रवास करू दिला नाही. दहाव्याला मी एसटीने गेलो, खिडकीपाशी बसून, बायकोबरोबर. घराच्या ओट्यावर त्याचे वडील बसले होते, डोक्याला पांढरा रुमाल. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांनी मला ओळखलं. बाजूला सरकून जागा दिली.

मग म्हणाले, "त्याना मांगे तुम्हीच ऱ्हातस ना?"

मी म्हणालो, "हो आबा. पण मी आजारी होतो."

"माहीत शे," ते म्हणाले. "आते बरं शे ना?"

"बरं आहे."

त्यांनी मान हलवली. एवढंच बोलणं झालं. त्यांनी मला टोचून विचारलं नाही, आणि म्हणूनच मला त्यापुढे काही सांगता आलं नाही. 

सायकल पोलिसांनी परत दिली होती. ती मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. त्याची बायको आत होती, म्हणून मी एकटाच जाऊन पाहिली. मागचं चाक दुमडलं होतं. आरसा शाबूत होता, पण दांडा वळून काच आकाशाकडे झाली होती. अपघाताआधी तो कोणत्या कोनात होता ते त्यावरून सांगता येत नव्हतं. त्याने आरशात पाहिलं आणि उजेडाशिवाय काही दिसलं नाही, की पाहिलंच नाही, की दिसलं आणि कड खोल म्हणून उतरला नाही, हे मला माहीत नाही. माझ्याकडे फक्त सूर्याची दिशा आहे. तेवढ्यावर मी कुणालाही काही सिद्ध करून दाखवू शकत नाही, स्वतःलाही नाही.

तीन आठवडे भरले तेव्हा डॉक्टरांनी आलेख पाहून रस्त्याची परवानगी दिली. "छान सुधारणा आहे," म्हणाले. "तुम्ही नियम पाळलेत." मी पाळले होते. पुन्हा तोच प्रसंग आला तरी पाळीन. माझी मुलं तेव्हा शाळेत होती.

परवानगी मिळाल्यावर एकदा मी गेलो. पहाटे, चौफुलीच्या पुढे, एकटा. माझे दोन्ही कान चांगले आहेत, त्यामुळे मला भीतीचं कारण नव्हतं. मागून ट्रक येताना मला नेहमीसारखं बरंच आधी कळलं. मी ओरडलो नाही, पण तोंड उघडलं होतं. साईडपट्टीवर उतरलो, ट्रक जाऊ दिला आणि पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. तिथून पुन्हा डांबरावर चढलो नाही. सायकल हातात धरून चौफुलीपर्यंत चालत आलो.

व्यापाऱ्याला मी विचारलं, की जागेवरची सायकल विकत देता का. त्यांनी दिली. ती अजून पुढच्या खोलीत आहे. पट्टा दोनदा बदलला, मीटर एकदा. रोज सकाळी मी बारा किलोमीटर चालवतो. तेवढं अंतर नशिराबादला पोचतं. चहा मात्र उतरूनच घेतो. परतीचे बारा मी चालवत नाही.