सर्वांत मागे मामा

सबंध सुरतेत माझ्या मामाइतका संतापी माणूस शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याचं मामाशी आधीच भांडण झालेलं असेल. गोडादरा भागात तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यामुळे हळू बोलणारा प्रत्येक माणूस त्याला लबाड वाटतो. तो देवापुढे हात जोडतो तेव्हाही शेजाऱ्यांना वाटतं, कोणाची तरी खरडपट्टी चाललीय. गोड डाळ दिसली की तो चिडतो, लिफ्टमधलं गाणं ऐकलं की चिडतो, आणि 'काका, राग कमी करा' म्हणणाऱ्या डॉक्टरवर तर असा चिडला, की बिचाऱ्याने स्वतःचंच ब्लडप्रेशर मोजलं असेल.

मलाही त्याचा राग येतो, आणि तो गमतीचा नाही. मामी दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार, म्हणून छातीतली कळ आठ दिवस कोणाला न सांगता तिने खापरावर मांडे भाजले. लेकी सासरी परतल्या आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. खान्देशातून इथे आलेल्या आमच्या घरांमध्ये बाईने आजारी पडायचं ते सण उरकल्यावर. त्या आठ दिवसांत मामाने तिला एकदाही काही विचारलं नाही. हे मी त्याला तोंडावर सुनावलंय. तो पंख्यावर चिडला.

यंदा एका ट्रस्टने गरीब हृदयरोग्यांसाठी निधी जमवायला पदयात्रा काढली. माझी मामेबहीण सुनंदा म्हणाली, आईच्या नावाने आपण चालायचं. तिच्याही हृदयाची झडप अधू निघालीय, पण सावकाश चालायला डॉक्टरांची परवानगी होती. मामाने आधी ट्रस्टवर तोंड टाकलं, मग चालून कोणाचं काळीज दुरुस्त होतं का म्हणून आमच्यावर, आणि रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी कपडे करून, उशीर झाला म्हणून चिडत बसला.

वाटेत त्याने नवाच हट्ट धरला. सगळ्यांच्या मागे चालायचं. स्वयंसेवक येऊन "काका, जरा आगळ आवो ने" म्हणत त्याला पुढे बोलवायचे आणि शिव्या खाऊन परत जायचे. मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरशीही त्याचं वाजलं. मला लाज वाटली. मी संतापून म्हटलं, मामा, आज तरी मामीसाठी चार माणसांसारखा चाल. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पुढे चाललेल्या सुनंदाकडे बघत होता. मी वैतागून पुढे निघालो.

पुलाच्या चढावर सुनंदा कठड्याला टेकली. मला ते कळलंही नाही. लोक थांबले म्हणून परत आलो, तेव्हा मामा तिच्यापाशी उभा होता. ती घाम पुसत म्हणत होती, काही नाही, बूट चावतोय.

मामा चिडला नाही. जन्मात पहिल्यांदा मी त्याचा हळू आवाज ऐकला.

"जल्मभर मी पुढे चालनू, बेटा. तुनी माय मांगे थांबे, मी वळीसन देखं नही. खरं सांग."

सुनंदाने घाम पुसणं थांबवलं.

"छातीमा दुखस, आबा. सकायपाईन दुखस."

ॲम्ब्युलन्स मागेच होती. वेळेवर आणलंत, असं दवाखान्यात म्हणाले. सुनंदा आता बरी आहे, आणि मामा तिच्या पथ्यावरून घर डोक्यावर घेतो. लोक अजूनही त्याच्या रागाचे किस्से मला विचारतात, मी सांगतोही. पण पूर्वीसारखं त्याच्यावर चिडणं काही जमत नाही. त्या चढावर मीसुद्धा तिला मागे टाकून पुढे निघून गेलो होतो.