खाऱ्या हातांचा रोध

"हात पुसू नकोस. तसेच धर."

मिठागरवाल्या शेटच्या भाच्याने पितळेचे दोन दांडे माझ्यापुढे केले आणि मी ते धरले. किहीमच्या बंगल्याचं अंगण. व्हरांड्यात मुंबईचे पाहुणे चहा पीत बसलेले. दांड्यांना वायरी, वायरी बंगल्यातल्या दिव्यांच्या बॅटऱ्यांना, आणि मधे काटा फिरणारा एक डबा. असा झटका बसला की कोपरापासून पुढचे हात माझे राहिले नाहीत. मी बेडकासारखा उडालो. व्हरांडा खदखदला.

आणि मी काय केलं? दंड थोपटले! पाहुण्यांनीही दांडे धरून बघितले होते. त्यांचा काटा जेमतेम हललेला, माझा मात्र सरसर पळाला. मला वाटलं, मी जिंकलो.

भाचा इंजिनियरीच्या कॉलेजात शिकत होता. तो पाहुण्यांना सांगू लागला, "चाळीस व्होल्ट. माझ्यातून गेला एक मिलिअँपिअर, याच्यातून वीस. व्होल्टला अँपिअरने भागा. माझा रोध चाळीस हजार ओहम, याचा फक्त दोन हजार. मिठागरातली जातच अशी. चामडीत अडवणारं काही नाही. गुरासारखं."

एका बाईने चष्मा सावरून माझ्याकडे नीट पाहिलं. बाजारात म्हैस बघतात, तसं. मी तिच्याकडे बघून हसलो. गाढव!

आमचं मिठागर रेवसच्या बाजूला, खाडीलगत. हंगामाचं पहिलं मीठ निघालं की त्याची पाटी डोक्यावरून शेटच्या बंगल्यावर न्यायची, ही रीत. ओलं मीठ वाटभर गळतं. खारं पाणी कानामागून, दंडावरून, बोटांच्या चिरांपर्यंत. बंगल्यावर पोचलं तरी हात धुवायचे नाहीत. "खारट हात विहिरीला लागले तर वाडी करपेल," असं शेट म्हणत. रहाटाला शिवायचं नाही. पाटी ठेवायची, नारळ घ्यायचा, चालू पडायचं. त्या वर्षी नारळाच्या आधी दांडे आले.

पावसाळ्यात मी मुंबईला गिरणीच्या विजेच्या मोटारखात्यात लागलो. तिथल्या मिस्त्रीला ही गंमत रंगवून सांगितली, दंड थोपटल्यासकट. तो हसला नाही.

"मिठाचं पाणी लागलं की कुणाचाबी काटा पळतो," तो म्हणाला. "विहीर त्यांनी तुला बंद केली, आणि रोध तुझा मोजला?"

माझे कान तापले. अर्धा राग त्यांच्यावर, अर्धा त्या दंडांवर. मग मिस्त्रीकडून मी दोन गोष्टी घोकून घेतल्या. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध. गुणलं की वॉट, म्हणजे विजेचा जोर.

पुढच्या हंगामात पहिल्या मिठासाठी गावी आलो. पाटी घेऊन बाबा पुढे, दुसरी पाटी घेऊन मी मागे. मी अंगणात शिरलो तेव्हा दांडे बाबांच्या हातात होते आणि त्यांचं मुंडासं मातीत पडलं होतं.

"म्हातारं मीठ जास्त मुरलेलं," भाचा पाहुण्यांना म्हणत होता. "काटा पुन्हा विसावरच! म्हाताऱ्या, आणखी एकदा धर. यांनी पाहिलं नाही."

"व्हय, धाकले शेट," बाबा म्हणाले.

मी पाटी आपटली. मिस्त्रीचं बोलणं मी बोटीवर बसून पाठ केलं होतं. विहिरीचं, मिठाच्या पाण्याचं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"चाळीस गुणिले वीस! आठशे वॉट! माझ्या बापात आठशे वॉट हायत!"

वीस मिलिअँपिअर होते. 'मिलि' म्हणजे हजारावा भाग, तो मी पार गिळला होता. खरा आकडा एक वॉटसुद्धा भरत नव्हता.

"मामा, दिव्यांचं इंजिन विकून टाका!" भाचा ओरडला. "म्हाताऱ्याला जोडा, सगळा बंगला उजळेल!"

सगळे हसले. बाबाही हसले. शेटलोक हसले की आपणही हसायचं, ही त्यांची जन्माची सवय. झटका खाल्लेले हात मांडीवर दाबून ते हसत होते. मला माझे थोपटलेले दंड दिसले. डोकं फिरलं.

बाबांचं मनगट धरलं आणि विहिरीवर नेलं.

"अरं, रहाटाला नको हात लावू," बाबा पुटपुटले.

लावला. पाणी ओढलं. त्यांचे हात धुतले. चिरांतलं मीठ, चिखल, सगळं.

"विहीर बाटवली!" शेट व्हरांड्यातून गरजले. "मिठागरावर पाय ठेवलात तर तंगडी मोडीन!"

भाचा मात्र दांडे घेऊन धावत आला. डोळे चमकत होते. "थांबा मामा! आता काटा कुठे जातो ते बघू. हात पूस आणि धर, म्हाताऱ्या!"

काटा उतरला असता. सगळ्यांसमोर मिस्त्री खरा ठरला असता, मीही ठरलो असतो. नुसते हात पुढे करायचे होते.

"धरू का रं?" बाबांनी मला विचारलं.

"न्हाय."

बाबांनी भाच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेले. "न्हाय धरत," ते म्हणाले.

दोन्ही पाट्या आम्ही परत उचलल्या. मिठागरावरचं काम गेलं. ते मीठ घरी खाल्लं.

आता माझा हिशोब चुकत नाही. चाळीस व्होल्टला वीस मिलिअँपिअरने भागलं की दोन हजार ओहम, झोपेतही सांगेन. पण माझा बाप माणूस होता हे पटवायला मी तो हिशोब कुणापुढे मांडणार नाही. आणि माझ्या घरातल्या कुणापुढे पुन्हा कुणी दांडे केले, तर ते मी त्याच्या विहिरीत टाकीन.